विचारून नेलेल्या गाड्या

दिवाणी दावा म्हणजे तुरुंग नव्हे, हे मी मायला एका वर्षात तीस वेळा सांगितलं. तारखा अकरा पडल्या. प्रत्येक तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आणि तारखेच्या पहाटे दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपताना एकदा, असे तेहतीस होतात. त्यातल्या एका तारखेला मी तापाने पडलो होतो, म्हणून तीन वजा. तीसही वेळा ती "हो रे बापू, समजलं" म्हणाली आणि तीसही वेळा बाबांच्या घोंगडीची वळकटी बांधायला बसली. वाशीम आमच्या गावाहून सात कोस. चांदणी उगवायच्या सुमाराला बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा वाजायला लागत. माय त्याआधीच चुलीपुढे बसलेली असे आणि भाकरी थापायचा आवाज मला अंथरुणातून ऐकू येई. मी तो मोजत असे. दोन माणसांना एका दिवसाला सहा भाकरी पुरल्या असत्या. ती पंधरा करायची. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी, कारण त्या चार दिवस टिकतात. ठेचा, तेलात परतलेल्या मुगाच्या वड्या, आणि एका फडक्यात वेगळं बांधलेलं मीठ. "ततीसा मीठ देतेत का नाई कोन जाने," ती म्हणायची. 'ततीसा' म्हणजे तुरुंगात.

शेजारच्या दोन-तीन बाया तेवढ्या पहाटे दाराशी येऊन उभ्या राहत आणि डोळ्यांना पदर लावत. बाबा त्यांच्याकडे पाहून मान हलवत. दमणीत बसल्यावर मी म्हणायचो, "बाबा, तुमी तरी सांगा तिले, आपण संध्याकाळी परत येनार." बाबा म्हणायचे, "राहू दे. घोंगडी जड का हाय?"

आता या वयात लोक माझ्या ओट्यावर नोटिसा आणि निकालांच्या नकला घेऊन येतात, आणि मी त्यांना प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगतो. माणसं मान डोलावतात, उठतात, आणि घरी जाऊन घोंगडीच बांधतात. परवाच एकाने समन्स घेऊन आलेल्या माणसाला पाहून मागच्या दाराने पळ काढला. कागद हातात घेतला नाही तर खटलाच होत नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्याला सांगितलं की बाबा रे, घ्यायचं नाकारलंस तर तो माणूस तुझ्या दारावर कागद डकवून जाईल, कोर्ट समजेल की तुला मिळाला, आणि तुझ्या गैरहजेरीत निकाल लागेल. "पन म्या त्याले हातच लावला नाई नं!" तो म्हणाला. मी कपाळावर हात मारला. हा हात मी सतराव्या वर्षापासून मारतो आहे.

मी रिसोडला राहून सातवी पास झालेलो. आमच्या घरात कोर्टाचा कागद वाचू शकणारा मी एकटाच, म्हणून शंका सगळ्या माझ्याकडे. तेव्हा जे सांगत होतो तेच इथे एकदा लिहून ठेवतो. वावर कुणाचं, वाट कुणाची, वाटणी कशी, अशी भांडणं दिवाणी. चोरी, मारामारी, गंजीला आग लावणं, हे फौजदारी. फौजदारीत माणसाला शिक्षा होते; दिवाणीत कोर्ट फक्त सांगतं की हे याचं आणि हे त्याचं. ज्याने दावा लावला तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. तारीख पडली म्हणजे काम पुढे गेलं. त्यात कुणी जिंकत नाही की हरत नाही. (कोर्टाचा हुकूम मुद्दाम मोडणाऱ्याला क्वचित दिवाणी तुरुंगातही टाकतात, हे खरं आहे. पण तिथवर आमची गोष्ट जाणारच नव्हती, आणि ही बारीक गोष्ट मायच्या कानावर घालण्याची चूक मी एकदा केली. त्या तारखेला भाकरी पंचवीस झाल्या.)

दावा वाटेचा होता. आमचं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वावर नाल्याला लागून, आणि त्या वावराच्या आणि गावरस्त्याच्या मधे उकंडरावांचं वावर. त्यांच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आतून एक गाडीवाट जायची. मी ती पावलांनी मोजली होती: चारशे बारा पावलं लांब, आणि रुंदी दोन गाड्यांची नव्हे, एकीची. दुसरी वाट नाल्याकाठाने पावणेदोन मैलांची. तिच्यावर दोन उतार असे की रिकामी गाडी उतरते आणि भरलेली कलंडते. म्हणजे उकंडरावांच्या वावरातून गाडी गेली तर कापूस घरी येणार, नाहीतर बोंडातच राहणार.

आजोबांच्या काळापासून धरून अडतीस हंगाम आमच्या गाड्या तिथून गेल्या. त्याची एक रीत होती. कापसाची पहिली वेचणी झाली, वावरात सीतादईची पूजा झाली, बायांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवला, की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून नारळ घेऊन उकंडरावांच्या दारी जात. मीही लहानपणापासून बरोबर जाई, खोबऱ्यासाठी. "भाऊ, गाड्या काढू का तुमच्या वावरातून?" बाबा विचारत. उकंडराव खाटेवर उठून बसत आणि दरसाल तेच म्हणत, "काढा नं. वाट का माही हाय? वाट तं देवाची हाय." मग गुळाचा चहा. मग दोघे मिळून वाटेच्या तोंडाशी जात, नारळ फोडत, आणि बाबा पहिली गाडी स्वतः हाकत. आमच्या घरी याला 'वाट मागणं' म्हणत. बाबांना गावात जो मान होता त्यातला बराचसा याच्यामुळे होता. किसनभाऊची गाडी न विचारता कुणाच्या वावरात शिरली, असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

उकंडराव वारले. त्यांचा मुलगा तुळशीराम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कामसू, तोंडाने कमी. वैशाखात त्याने वाटेवर नांगर फिरवला आणि दोन्ही तोंडांना बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बाबा गेले. "तुळशीराम, काहून रे?" तो खाली पाहून म्हणाला, "काका, वाट बंद. तुमाले हक्क वाटत असंन तं कोर्टात जा." बाबा परत आले, पाय धुतले आणि जेवायला बसले. आमटीत भाकर कुस्करली आणि तशीच ठेवून उठले.

वकीलसाहेब वाशीमचे, बारीक अंगाचे, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारे. बाबा त्यांच्यापुढे इतके अवघडून बसले की उत्तरं मीच दिली. किती वर्षं? अडतीस. उघडपणे, दिवसाउजेडी? हो. कुणी अडवलं? कधीच नाही. कुणाच्या परवानगीने जात होता का? मी म्हणालो, "नाही साहेब, वहिवाटच आहे ती." मी खोटं बोललो नव्हतो. नारळ माझ्या डोक्यातच आला नाही. कुणी विचारलं असतं की तुम्ही देवळात परवानगीने जाता का, तर मी नमस्काराची गोष्ट सांगितली असती का? तसंच ते. वकीलसाहेबांनी दाव्यात लिहिलं की वादी वीस वर्षांहून अधिक काळ हक्काने, उघडपणे आणि विनाहरकत वाट वापरतो आहे. मी ते घरी मोठ्याने वाचलं. 'हक्काने' हा शब्द मला भारी आवडला होता. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

तो हंगाम नाल्याकाठाने काढला. गाडी उताराच्या अलीकडे उभी करायची आणि कापसाची गाठोडी डोक्यावरून आणायची. माय, मी, बाबा आणि तीन मजूर बाया. मी खेपा मोजत होतो. दोनशे सहापर्यंत मोजल्या आणि सोडून दिल्या. शेवटच्या वेचणीचा कापूस तसाच राहिला आणि अवकाळी पावसात काळा पडला. मान दुखायची, आणि ती दुखताना चारशे बारा पावलांवरचं ते कुंपण समोर दिसत राहायचं.

बाबांच्या साक्षीची तारीख आठवी. सकाळी आम्ही वकीलसाहेबांच्या घरी गेलो. ते कोटाची बटणं लावत होते. बोलायचं म्हणून बाबा म्हणाले, "साहेब, औंदा म्या नारळ नेला नाई. अडतीस सालांत पैल्यांदा चुकलं."

वकीलसाहेबांचा हात बटणावर थांबला. "कसला नारळ?"

बाबांनी सगळं सांगितलं, हौसेने. वकीलसाहेबांनी मला अंगणात नेलं. "मी तुला विचारलं होतं, परवानगीने जात होता का."

"साहेब, ती परवानगी नाही, रीत आहे."

"रीत तुझ्या घरी. कोर्टात तिला परवानगीच म्हणतील." ते थांबले. "नीट ऐक. दुसऱ्याच्या वावरातून वीस वर्षं आपली वाट समजून गेलास, तर ती वाट तुझी होते. पण दरवर्षी विचारून गेलास, तर तू पाहुणा. पाहुणा शंभर वर्षं आला तरी घर त्याचं होत नाही. मी म्हणेन की नारळ निव्वळ शिष्टाचार होता. ते टिकेलही. पण समोरचा वकील एक प्रश्न विचारेल, 'नाही म्हटलं असतं तर काय केलं असतं?' तिथे सगळं आहे. खोटं बोलायला मी कुणाला सांगत नाही. पण प्रश्नाचा अर्थ काय आहे, हे त्यांना कळू दे. समजाव."

समजाव! कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली आम्ही दोघं बसलो, मधे घोंगडीची वळकटी. माझ्याकडे तासभर होता.

"बाबा, तुमी विचारून जात होता, म्हणून कोर्ट म्हणंन की हक्क नाही."

"इचारून गेलो म्हनून नाई?"

"हो."

"आन न इचारता घुसलो असतो तं?"

"तर हक्क झाला असता."

बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुले उन्ह लागलं का?"

"बाबा, कायदा तसा आहे."

"मंजे चोराले वाट, आन भल्या मानसाले काटे?"

"चोर नाही हो. चोरून गेलं तरी हक्क होत नाही. उघड जायचं, दिवसा जायचं, आपली समजून जायचं."

"दुसऱ्याचं वावर आपलं समजून? माह्या बापानं मले हे शिकवलं नाई."

"वावर नाही, वाट!"

"वाट का हवेत हाय? वावरातच हाय नं?" मग ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "माधवा, वकिलाच्या न तुह्या समजुतीत काईतरी गडबड होऊन राह्यली. जज्जसाहेब मोठा मानूस. म्या इचारून जात होतो हे त्याले कळलं की तोच तुळशीरामाले झापन. तू पाहाय."

मी पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं, समोरचे वकील काय विचारतील तेही. पाहुण्याचं उदाहरण दिलं. बाबा म्हणाले, पाहुण्याला घराबाहेर काटे लावून कुणी हाकलत नाही. मी ओरडलो. बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला तंबाखू देऊ केली. आज मला एवढं कळतं की मी त्यांना कायदा समजावत नव्हतो. अडतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी लोक तुम्हाला मान देत आले तीच तुमच्या विरुद्ध आहे, हे मी त्यांच्या गळी उतरवू पाहत होतो. तासाभरात ते कुणाच्याच गळी उतरलं नसतं. पण त्या वेळी मला फक्त राग आला होता. पट्टेवाल्याने पुकारा केला आणि ते टोपी नीट करत उठले.

आमच्या वकिलांनी विचारलेलं सगळं व्यवस्थित झालं. मग समोरचे वकील उठले. साक्षीदाराला विरुद्ध बाजूने प्रश्न विचारतात त्याला उलटतपासणी म्हणतात. मला वाटायचं ती आरडाओरड करून होते. हे गृहस्थ अगदी मऊ बोलले.

"किसनराव, गावात आपलं नाव आहे. दुसऱ्याच्या वावरात न विचारता पाय ठेवणारे तुम्ही नव्हे."

"कायले ठेवीन? दरसाल नारळ घेऊन जातो. हे का, पोरगंच बरोबर राह्यते," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"वा! आणि समजा, उकंडराव एखाद्या साली 'नको' म्हणाले असते तर?"

मी बाबांकडे पाहत होतो. वकीलसाहेब समोरच्या कागदाकडे पाहत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांनी ओळखला होता, एवढं नक्की. कडुलिंबाखालचा तास अगदीच वाया गेला नव्हता. ते जज्जसाहेबांकडे वळले. मग म्हणाले, "तं गाडी माघारी. जबरदस्तीनं कोनाच्या वावरात जाते का मानूस?"

"बस्स," समोरचे वकील म्हणाले आणि बसले.

त्यानंतरच्या तारखेला तुळशीरामची साक्ष झाली. वाट का अडवली, असं आमच्या वकिलांनी विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते ऐकून मला तिथेच डोकं आपटावंसं वाटलं. रिसोडच्या बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की वीस वर्षं दुसऱ्याची गाडी वावरातून गेली की वाट त्याची होते. अर्धं खरं, आणि अर्ध्यानेच घात केला. वाट हातची जाईल या भीतीने त्याने काटे लावले. आणि ती जाऊ नये म्हणून जे एकच औषध होतं ते बाबा दरसाल स्वतः नारळासकट त्याच्या दारी नेऊन देत होते. दोघांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. अकरा तारखा, सात कोस जाणं, सात कोस येणं.

दावा रद्द झाला. निकाल इंग्रजीत, वकीलसाहेबांनी मराठीत सांगितला आणि मी घरी येऊन सांगितला, की वादी दरवर्षी मालकाच्या परवानगीने जात असे, सबब हक्क शाबीत होत नाही. माय म्हणाली, "मंजे सोडलं नं त्याहिले?" मी वळकटी सोडून घोंगडी खुंटीवर टाकली. बाबा मात्र खुलले. "कागदावर लिहून आलं नं, आपुन इचारून जात होतो?" पुढचे आठ दिवस ते पारावर हेच सांगत होते. मी ऐकून दात खात होतो. वाट गेली होती, आणि त्यांना दाखला मिळाला होता.

पऱ्हाटी पुन्हा फुटली. सीतादईची पूजा झाली आणि बाबा नारळ घेऊन निघाले. मी जीव तोडून सांगितलं, जाऊ नका. हरलेल्याने दारात जायचं नसतं. ते गेले आणि मीही मागून गेलो. तुळशीराम उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मोकळा होता. त्याची भीती कोर्टाने काढली होती.

"तुळशीराम, गाड्या काढू का?"

"काढा नं काका. काटे म्या आजच काढतो." मग तो आत गेला आणि एक कागद घेऊन आला. "फक्त याच्यावर सही करून देत जा. दरसाल एक. वकिलानं सांगतलं हाय." कागदावर एवढंच होतं की मी सदर वावरातून मालकाच्या परवानगीने गाडी नेतो, माझा कोणताही हक्क नाही.

मी वाचून दाखवलं. बाबांनी विचारलं, "हे कायले?"

"पुराव्यासाठी," मी म्हणालो. "बाबा, यात नवीन काहीच नाही. नारळाने जे होत होतं तेच हे. तुमचं काही जात नाही."

"तोंडानं मागतलेलं तोंडानं द्यावं," बाबा तुळशीरामला म्हणाले. "माह्या बोलन्यावर भरोसा नाई का तुहा?"

"काका, भरोसा हाय. पन कागद पायजे."

बाबांनी नारळ ओट्यावर ठेवला. "मंग मी मागत नाई," ते म्हणाले आणि चालायला लागले.

मला अठरावं नुकतंच पुरं झालं होतं. कायद्याने मी सज्ञान होतो, कापूस वावरात फुटून उभा होता, आणि मागच्या वर्षीची मान अजून दुखत होती. मी सही केली. दुपारपर्यंत काटे निघाले आणि गाड्या चारशे बारा पावलांच्या वाटेने घरी आल्या. पुढची सगळी वर्षं तशाच आल्या. दरसाल मी सही करत गेलो.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं पुन्हा सांगितलं. परवानगी तोंडी असो की लेखी, कायद्यात फरक नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तू म्हन्ते तं असंन," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही वावरात निघालो. मी बैल वाटेकडे वळवले. बाबांनी काठी घेतली आणि ते नाल्याच्या बाजूला वळले. पुढे चौदा वर्षं जगले. रोज पावणेदोन मैल जाताना, पावणेदोन येताना.